दोन महिन्यांच्या निरोगी बाळात सीएमव्ही सापडला, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. बाळ पूर्ण दिवसांचं, जन्माचं वजन ३ किलो, जन्मानंतर कसलाही त्रास नाही, कानांची पहिली तपासणी पास. फक्त अंगावरच्या दुधावर आहे, आता आठ आठवड्यांचं झालंय. मध्ये दोन दिवस अंग गरम होतं म्हणून रक्त तपासलं, तर यकृताला त्रास झाला की वाढणारी एसजीपीटी १४०, प्लेटलेट थोड्या कमी, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त. त्यावरून टॉर्च पॅनेल (गर्भात लागू शकणाऱ्या संसर्गांची एकत्र रक्त तपासणी) झालं, त्यात सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या आयजीजी आणि आयजीएम या दोन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह. मग लघवीचा पीसीआर (प्रत्यक्ष विषाणूचे जनुक शोधणारी तपासणी) केला, तोही पॉझिटिव्ह. एका डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करून सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध द्यायला सांगितलं. दुसऱ्यांनी सांगितलं, काहीच करू नका. तुम्ही विचारताय की हा विषाणू माझ्याकडून आला का, बाळाचे कान जाणार का, दूध थांबवू का, औषध सुरू करू का, आणि पुढच्या लसी द्यायच्या की नाहीत.

या सगळ्याच्या मध्ये तुम्ही एक ओळ लिहिली आहे: बाळाचे डोळे जरा पिवळट वाटतात, पण घरचे म्हणतात दिव्याच्या उजेडामुळे तसं दिसतंय. तुमच्या पाचही प्रश्नांची उत्तरं देतो, पण मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली. म्हणून सुरुवात तिथूनच.

आठ आठवड्यांच्या बाळाचे डोळे खरंच पिवळे असतील तर सीएमव्हीचा विषय घटकाभर बाजूला ठेवा आणि उद्याच्या उद्या बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) तपासा. नुसतं टोटल नको, टोटल आणि डायरेक्ट वेगवेगळं हवं. टोटल थोडं वाढलेलं आणि डायरेक्ट नगण्य असेल तर ती बहुधा अंगावरच्या दुधावरच्या बाळांत रेंगाळणारी साधी कावीळ असते, तिला घाबरायचं कारण नाही. डायरेक्ट १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर मात्र पित्त यकृतातून नीट बाहेर पडत नाहीये आणि त्याचं कारण शोधलंच पाहिजे. यातलं वेळेशी बांधलेलं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका हळूहळू बंद होत जातात. ही बाळं दिसायला छान असतात, दूध पितात, वजनही बऱ्यापैकी वाढतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. त्यावरची शस्त्रक्रिया मोरिओ कासाई या जपानी सर्जननी १९५० च्या दशकात सुरू केली, आणि बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त पुन्हा वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. उशीर होत जातो तशी ती घटते. तुमचं बाळ ५६ दिवसांच्या आसपास आहे. म्हणून उद्या म्हणतोय, पुढच्या आठवड्यात नाही.

आज घरी एक गोष्ट करा. बाळाने शी केली की डायपर खिडकीपाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. दिव्याखाली रंग फसवतो. पिवळी, हिरवट, तपकिरी, कोणतीही चालेल. खडूसारखी, राखाडी किंवा फिक्या मातीच्या रंगाची असेल तर ती धोक्याची खूण. शी नुसती वरून बघून भागत नाही, काडीने मोडून आत बघा. कावीळ झालेल्या बाळाच्या आतड्यातल्या स्रावांनी वरून पिवळसर छटा येते आणि आतून शी पांढुरकी असते, हे मी अनेकदा पाहिलंय. फोटो काढायचा तर बाजूला पांढरा कागद ठेवून काढा, नाहीतर फोन रंग स्वतःच्या मनाने बदलतो. लघवीही बघा. इतक्या लहान बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी. कपड्यावर गडद पिवळा डाग राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण सीएमव्हीच्या रिपोर्टमुळे खरं नुकसान कुठे होत असेल तर ते इथे होतं. कावीळ असलेल्या बाळात सीएमव्ही पॉझिटिव्ह आला की सगळ्यांना हायसं वाटतं: कारण सापडलं, आता औषध देऊन तीन आठवडे थांबू. पण बिलिअरी अट्रेझिया असलेल्या काही बाळांतही सीएमव्ही सापडतोच. तो तिथे कारण म्हणून असतो की योगायोगाने, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, पण पालकांच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. व्हायरस सापडला म्हणून पित्तनलिकांची तपासणी टाळता येत नाही. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं निघालं तर बाळाला काही तास उपाशी ठेवून केलेली पोटाची सोनोग्राफी, जीजीटी ही यकृत-पित्ताची रक्त तपासणी, रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी, आणि त्याच दिवशी लहान मुलांच्या यकृताच्या तज्ज्ञांशी किंवा बालशल्यतज्ज्ञांशी बोलणं, इतकं व्हायला हवं. पित्त आतड्यात उतरत नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आयएनआरची आठवण तुम्हीच करून द्या.

डायरेक्ट बिलिरुबिन नॉर्मल आलं आणि शीचा रंग चांगला असला तर मोकळा श्वास घ्या. इथून पुढचं सगळं तसंच आहे असं धरून लिहितो.

सीएमव्हीच्या कोणत्याही रिपोर्टकडे बघताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो आणि ते एकमेकांत मिसळू देत नाही. पहिला, हा विषाणू बाळाला कधी मिळाला, पोटात असताना की जन्मानंतर? दुसरा, तो आत्ता काही त्रास देतोय का? कानांची काळजी पहिल्या उत्तरावर अवलंबून आहे, औषधाचा निर्णय मुख्यतः दुसऱ्यावर. तुम्हाला मिळालेले दोन उलटे सल्ले याच घोळातून आले असावेत असं मला वाटतं. सहा महिन्यांचं औषध ही गर्भातच लागण झालेल्या आणि जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांसाठीची योजना आहे. ती जन्मानंतर लागण झालेल्या, हसत्या-खेळत्या बाळाला जशीच्या तशी लावली गेली.

आता तुमचे रिपोर्ट एकेक करून. आयजीजी पॉझिटिव्ह आहे, ते तुमचंच आहे. वारेतून बाळात गेलंय आणि वर्षभर, कधी त्याहून जास्त काळही टिकतं. त्यातून बाळाबद्दल काहीच कळत नाही. आयजीएम बाळाचं स्वतःचं असतं, पण ही तपासणी लहान बाळांत बेभरवशाची आहे. दुसऱ्या विषाणूंमुळेही ती खोटी पॉझिटिव्ह येते आणि खरी लागण असताना निगेटिव्हही येते. टॉर्च पॅनेलवरून निदान करायची सवय मला पटत नाही, हे स्पष्टच सांगतो. लघवीचा पीसीआर मात्र खात्रीचा. तो पॉझिटिव्ह आहे म्हणजे बाळाला सीएमव्हीची लागण झालेली आहे, यात शंका नको. पण लहानपणी लागण झालेली मुलं कित्येक महिने, काही तर वर्षानुवर्षं लघवीतून आणि लाळेतून हा विषाणू टाकत राहतात. त्यामुळे आज लघवीत तो सापडणं आणि आजचा ताप किंवा आजची एसजीपीटी त्याच्यामुळे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाळेचा पीसीआर करायला सांगितला असेल तर दूध पाजल्यावर निदान तासभर जाऊ द्या, नाहीतर तोंडातल्या दुधातलाच विषाणू सापडतो.

कधी मिळाला, हे ठरवायची सोपी वेळ निघून गेली आहे. जन्मानंतरच्या पहिल्या २१ दिवसांत घेतलेल्या लघवीत किंवा लाळेत विषाणू सापडला तर तो जन्माआधीचा. त्याच काळातला नमुना निगेटिव्ह आणि नंतरचा पॉझिटिव्ह असेल तर जन्मानंतरचा. आठव्या आठवड्यातला पहिलाच पॉझिटिव्ह रिपोर्ट दोन्हीपैकी काहीही असू शकतो. एक मार्ग मात्र विचारून बघण्यासारखा आहे. जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेतले असतील आणि ते कार्ड प्रयोगशाळेने जपून ठेवलं असेल, तर त्या सुकलेल्या रक्तावर पीसीआर होऊ शकतो. त्यात सापडला तर लागण गर्भातली. नाही सापडला तर खात्रीने काही म्हणता येत नाही, कारण त्या थेंबात विषाणू कमी असला तर चाचणी चुकते.

बाकी अंदाज परिस्थितीवरून बांधावा लागतो. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर किती होता ते डिस्चार्जच्या कागदावर असेल, तो बघा. जन्मतः अंगावर जांभळे ठिपके, वाढलेलं यकृत किंवा प्लीहा, कमी वजन, यापैकी काही नोंदलंय का? टाळूवरून केलेली मेंदूची सोनोग्राफी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, या दोन्ही मी अशा बाळांत एकदा करून घेतो. बाळाला त्रास होत नाही आणि पुढची बरीच घालमेल वाचते. तुमच्या बाळाचं वजन चांगलं, जन्म निर्विघ्न, कानांची तपासणी पास, आणि रक्तातला बदल नेमका सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिसलेला. जन्माच्या वेळी किंवा दुधातून शिरलेला विषाणू अंगात दिसायला साधारण ३ ते १२ आठवडे लागतात, म्हणजे वेळ जुळते. माझा कौल जन्मानंतरच्या लागणीकडे आहे. कौलच म्हणतोय, पुरावा नाही.

हा विषाणू तुमच्याकडून आला का? बहुधा हो. आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. जगभरातल्या बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी सीएमव्ही होऊन गेलेला असतो, बहुतेकींना लहानपणीच, नकळत. तो हर्पीसच्या कुळातला असल्यामुळे एकदा आला की शरीर सोडून जात नाही, काही पांढऱ्या पेशींमध्ये सुप्त राहतो. बाळंतपणानंतर दूध सुरू झालं की तो स्तनांत पुन्हा जागा होतो. पूर्वी लागण झालेल्या जवळपास सगळ्याच आयांमध्ये हे घडतं. आईला ताप येत नाही, स्तन दुखत नाहीत, रक्तात तो बहुधा सापडतही नाही. पहिल्या चिकात तो फारसा नसतो. दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातो, चौथ्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ओसरतो. दुधात हा विषाणू असतो हे १९६७ पासून माहीत आहे, आणि १९८० च्या सुमारास अमेरिकेत सर्जिओ स्टॅग्नो यांच्या गटाने दाखवून दिलं की ज्या आयांच्या दुधात तो सापडतो त्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना लागण होते. म्हणजे तुमच्या बाळाच्या बाबतीत घडलं ते जगातल्या असंख्य बाळांच्या बाबतीत घडतं. फरक एवढाच की त्यांची लघवी कोणी तपासलेली नसते.

मग ती सगळी बाळं आजारी का पडत नाहीत? पोटात असताना, विशेषतः शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत, आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळात भरपूर उतरतात. त्या लागण रोखत नाहीत, पण लागण झाली तरी तिचा जोर कमी ठेवतात. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांत बहुतेकदा काहीच दिसत नाही. थोड्या बाळांत तुम्ही वर्णन केलंय तसं चित्र दिसतं: दोन दिवस कोमट ताप, एसजीपीटी वाढलेली, लिम्फोसाइट जास्त, प्लेटलेट किंचित कमी, प्लीहा बोटांना लागते इतपत. क्वचित रेंगाळणारा खोकला आणि जलद श्वास, त्याहून क्वचित शीतून रक्त.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं गणित वेगळं. ३२ आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पुरेशा मिळालेल्याच नसतात. त्या बाळांत हाच विषाणू कधीकधी जंतुसंसर्गासारखा उठतो; बाळ राखाडी पडतं, श्वास मध्येच थांबतो, प्लेटलेट कोसळतात. तिथे आईचं दूध गोठवून किंवा पाश्चराइझ करून द्यायचं की ताजं, यावर एनआयसीयूनुसार (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागानुसार) धोरण बदलतं. वजा २० अंशांवर गोठवल्याने विषाणू कमी होतो, पूर्ण जात नाही, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवल्याने जातो, पण दुधातल्या संरक्षक घटकांपैकीही बरेच जातात. तुम्ही इंटरनेटवर दूध गोठवण्याबद्दल जे वाचलंत ते या बाळांसाठी आहे, तुमच्या बाळासाठी नाही.

त्यामुळे अंगावरचं दूध चालू ठेवा, आज रात्रीही. आता ते बंद करणं म्हणजे वरातीमागून घोडं. लागण होऊन गेली आहे. दूध थांबवून विषाणू बाळातून परत जाणार नाही, उलट दुधातून मिळणारं बाकीचं संरक्षण मात्र थांबेल. दुधाचा पीसीआर करायला कोणी सांगितलं तर त्यावरही पैसे घालवू नका. पॉझिटिव्ह आला तरी आपण तेच करणार, निगेटिव्ह आला तरी तेच.

कानांबद्दल तुमची भीती मी समजू शकतो. लहान मुलांत ऐकू न येण्याची आनुवंशिक नसलेली जी कारणं आहेत त्यात सीएमव्ही सर्वांत वरचं, आणि शोधायला गेलं की पहिलं हेच वाचायला मिळतं. पण ते सगळं गर्भातल्या लागणीबद्दलचं आहे. तिथे जन्मतः ठीक दिसणाऱ्या बाळांपैकीही साधारण १० ते १५ टक्क्यांना पुढे कानांचा त्रास होतो, कधीकधी जन्माची तपासणी पास झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर लागण झाली तर बहिरेपणाशी किंवा बौद्धिक वाढीशी तिचा संबंध आढळलेला नाही. आपल्याकडे अडचण एवढीच की लागण जन्मानंतरची आहे हे आपण शंभर टक्के सिद्ध करू शकत नाही. म्हणून मी काय करतो सांगतो. आत्ता एकदा बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी), बाळ झोपेत असताना. नंतर शाळेत जायच्या वयापर्यंत ठरावीक अंतराने कान तपासत राहायचं. पहिली दोन वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी. टाचेच्या कार्डावर विषाणू सापडला तर हे अधिक काटेकोरपणे. घरी मात्र रोज टाळ्या वाजवून परीक्षा घेत बसू नका. झोपलेलं बाळ दचकत नाही म्हणून रात्रभर जागणारे आईबाप मी पाहिलेत, आणि बाळाचे कान उत्तम होते.

औषधाबद्दल. व्हॅलगॅनसायक्लोविर सहा महिने देण्याचा आधार म्हणजे डेव्हिड किम्बरलिन आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यात कोणती बाळं होती हे महत्त्वाचं आहे: गर्भात लागण झालेली, जन्मतः लक्षणं असलेली, आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात औषध सुरू केलेली. त्यांच्यात सहा आठवड्यांपेक्षा सहा महिन्यांच्या औषधाने कान आणि वाढ यांत थोडा फायदा दिसला. तुमचं बाळ या तिन्हींपैकी बहुधा कशातच बसत नाही. आणि औषध फुकटात मिळत नाही, म्हणजे शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. त्याच अभ्यासात पहिल्या सहा आठवड्यांत जवळपास दर पाचांतल्या एका बाळाच्या संरक्षक पांढऱ्या पेशी बऱ्याच घसरल्या. याच औषधाचं मूळ रूप असलेलं गॅनसायक्लोविर नसेतून दिलेल्या आधीच्या अभ्यासात हे प्रमाण जवळजवळ दोन तृतीयांश होतं. म्हणजे वारंवार रक्त काढणं आलं, आणि पेशी फार खाली गेल्या तर साध्या जंतूंपासूनही धोका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाने प्रजनन ग्रंथींना इजा आणि गाठी झालेल्या आहेत. माणसाच्या बाळांत तसं घडल्याचं सिद्ध नाही, पण गरज नसताना दोन महिन्यांच्या बाळाला ते द्यायला माझा हात धजत नाही. शिवाय औषधाने विषाणू शरीरातून जात नाही. ते चालू असेपर्यंत तो दबतो, बंद केलं की लघवीत पुन्हा दिसू लागतो. त्यामुळे पीसीआर निगेटिव्ह करणं हे उपचाराचं ध्येय होऊच शकत नाही.

तरी काही जन्मानंतर लागण झालेल्या बाळांना मी हे औषध दिलेलं आहे आणि पुन्हा तशी वेळ आली तर देईन. ऑक्सिजन लागेल असा न्यूमोनिया, आयएनआर वाढेल इतकं बिघडलेलं यकृत, न थांबणारे रक्ताचे जुलाब, रक्तस्राव होईल इतक्या कमी प्लेटलेट, अशा बाळांत थांबून चालत नाही. तिथे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजायचं, सुरुवातीला नसेतून गॅनसायक्लोविर, साधारण दोन-तीन आठवडे, आणि सुधारणा बघून थांबायचं. किती दिवस द्यावं याला मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. ते बाळाकडे बघून ठरतं. एसजीपीटी १४० आणि खेळतं बाळ या यादीत येत नाही. मात्र तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं काहीच करू नका हेही मला अपुरं वाटतं. औषध नको हे बरोबर, पण लक्ष हवं. दोन-तीन आठवड्यांनी एसजीपीटी आणि रक्तपेशी पुन्हा तपासा, मग उतार लागलेला दिसला की अंतर वाढवा. नॉर्मल व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आकडा हळू उतरतोय म्हणून घाबरू नका, चढतोय का एवढं बघा. वजन दर खेपेला त्याच काट्यावर.

निरोगी समजलेल्या बाळात सीएमव्ही अनपेक्षितपणे आक्रमक झाला तर मी एक शंका नेहमी घेतो: बाळाची प्रतिकारशक्तीच जन्मतः कमकुवत तर नाही? काही बाळांत टी पेशी (संसर्गाशी लढणारे एक प्रकारचे लिम्फोसाइट) तयारच होत नाहीत, आणि पहिले दोन-तीन महिने ती इतर बाळांसारखीच दिसतात. यासाठी महागड्या तपासणीने सुरुवात करावी लागत नाही. तुमच्या हातातल्या साध्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवर, लिम्फोसाइटचा एकूण आकडा असतो. टक्केवारी बघू नका, आकडा बघा. टक्केच दिले असतील तर एकूण पांढऱ्या पेशींशी गुणाकार करा. दोन महिन्यांच्या बाळात तो ३,००० च्या खाली असेल तर मी पुढची तपासणी झाल्याशिवाय बाळाला निरोगी म्हणत नाही. सीएमव्हीत तो वाढायला हवा, तुमच्या बाळात तो वाढलेला आहे, हे चांगलं लक्षण. याच्या जोडीला न हटणारा तोंडातला पांढरा थर, वजन न वाढणं, सततचे जुलाब, जवळच्या नात्यात बाळ लहानपणीच जंतुसंसर्गाने दगावल्याचा इतिहास, यापैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईची एचआयव्ही तपासणी गरोदरपणी झाली असेल, तिचा निकाल फाइलमध्ये आहे ना एवढं बघून घ्या.

घरातल्यांनी बाळाला वेगळं ठेवायचं नाही, पापे घ्यायचे थांबवायचे नाहीत, भांडीकपडे निराळे करायचे नाहीत. एकच काळजी: घरात किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणी गरोदर असेल तर तिने डायपर बदलल्यावर, बाळाचं नाक-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत आणि बाळाच्या तोंडातलं काही आपल्या तोंडात घालू नये. साबणाने हा विषाणू सहज मरतो. खरं तर ही काळजी तिने कोणत्याही लहान मुलाजवळ घ्यायला हवी, कारण लाळेतून हा विषाणू टाकणाऱ्या बहुतेक मुलांचा रिपोर्ट कोणी काढलेलाच नसतो. पुढे बाळाला पाळणाघरात ठेवायचं झालं तर ठेवा, सीएमव्हीमुळे नाही म्हणायचं काही कारण नाही.

ताबडतोब दाखवायचं कधी तेही सांगून ठेवतो. फिकी शी किंवा वाढती कावीळ हे वर आलंच. त्याखेरीज श्वास जलद चालणं किंवा बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध पिणं निम्म्यावर येणं, शीत रक्त, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, बाळ मलूल पडणं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावर ताप आला तर सीएमव्हीचाच असेल म्हणून घरी थांबू नका. या वयात जिवाणूंचा संसर्ग आधी वगळावा लागतो, विशेषतः लघवीतला.

राहिला लसींचा प्रश्न. वेळापत्रक मोडू नका, पुढच्या लसी ठरल्या दिवशी द्या. सीएमव्हीची लागण किंवा किंचित वाढलेली एसजीपीटी हे लस पुढे ढकलायचं कारण नाही. प्लेटलेट फारच कमी असत्या तर इंजेक्शननंतर जागा जास्त वेळ दाबून धरायला सांगितलं असतं, तुमच्या बाळाला तेही नको. अपवाद एकच: लिम्फोसाइटचा आकडा कमी निघाला आणि प्रतिकारशक्तीची शंका आली, तर तोंडावाटे द्यायची रोटाव्हायरसची लस आणि इतर जिवंत लसी तेवढ्या थांबवा, बाकीच्या चालू राहू द्या. आणि डायरेक्ट बिलिरुबिनचा आकडा आला की इथे लिहा.